धर्मवाट

मळवलीच्या स्टेशनावर उतरावे, भाजे गाव मागे टाकावे आणि गायमुख खिंडीच्या चढाला लागावे, म्हणजे डाव्या हातास विसापूर आणि उजव्या हातास लोहगड असे दोन दांडगे शेजारी दिसू लागतात. त्यांच्या कुशीत लोहगडवाडी आहे. आता वाडीपर्यंत मोटारी जातात, पण मला जुन्या पायवाटेचा लोभ. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्या वाटेने चढत होतो. गवत कापणीला आले होते. एका अरुंद वळणावर समोरून एक म्हातारी आली. डोक्यावर गवताचा एवढा मोठा भारा की चेहरा निम्मा झाकलेला. मी सुशिक्षित माणसाला शोभेल अशा तत्परतेने बाजूला झालो, आणि झालो तो दरीच्या अंगाला. म्हातारी जागच्या जागी थांबली. म्हणाली, "दादा, तुम्ही डोंगराकडच्या अंगाला व्हा. मला वाट पायाखालची हाय." आणि भाऱ्यासकट ती कडेच्या बाजूने निघून गेली. मी कातळाला पाठ लावून उभा.

त्या वेळी माझ्या खिशात संपादकांचे पत्र होते. दाक्षिण्य आणि सौजन्य या गुणांचे आपल्या इतिहासातले काही दाखले घेऊन अंकासाठी लिहा, असे त्यांनी कळविले होते. वाट आपण तिला दिली की तिने आपल्याला, याचा निवाडा मला पुढच्या वळणापर्यंत झाला नाही.

'दाक्षिण्य' हा शब्द आपण आज मोठ्या आदराने वापरतो. विशेषतः 'स्त्री' हे पद त्याच्या मागे लागले की गाडीतली बसायची जागा सोडणारा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. मूळ संस्कृतात मात्र त्याचा एक गमतीचा अर्थ आहे. नाट्यशास्त्रावर लिहिणाऱ्या पंडितांनी नायकांचे प्रकार पाडले, त्यांत 'दक्षिण' नायक म्हणजे मन दुसरीवर जडलेले असतानाही पहिलीशी पूर्वीइतकेच गोड वागणारा! दिवाळीचा अंक घरातली सगळी मंडळी वाचतात, म्हणून हा अर्थ येथेच सोडून देतो. युरोपात ज्याला 'शिव्हलरी' म्हणतात त्या शब्दाची कुळी निराळी. तो घोड्यावरून आला. फ्रेंच भाषेत घोड्याला 'शव्हाल' म्हणतात. घोडा बाळगणाऱ्या लढवय्याने कसे वागावे, तो रिवाज म्हणजे शिव्हलरी. आपल्याकडचा 'शिलेदार' फारसी हत्यारावरून आला, पण तोही स्वतःच्या घोड्याचा धनी. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की, आपल्या घोडेस्वारांना वागण्याचा काही रिवाज कोणी घालून दिला होता काय?

दिला होता, आणि तो कागदावर आहे. त्यात गुलाबाचे फूल नाही, सुंदरीचा रुमाल नाही. त्यात गवत आहे.

राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांची घोडदळाची छावणी चिपळूणजवळ होती. पावसाळ्यासाठी साठविलेली वैरण आणि दाणा बराचसा आधीच खर्ची पडला होता. तेव्हा तेथल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना महाराजांनी एक पत्र लिहविले. मराठीतल्या उत्तम पत्रांत मी त्याची गणना करतो. उरलेली वैरण आजच मनमानी उधळलीत तर ऐन पावसात ती संपेल, मग घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे ते सांगते. पुढे त्याची खरी काळजी दिसते. वैरण संपली की शिपाई गावात शिरणार. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. मग जो कुणबी जीव धरून कसाबसा राहिला आहे तोही गाव सोडील, आणि मोगल परवडले पण हे नकोत असे लोकांना वाटेल. म्हणून जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन विकत घ्यावे. पुढे आणखी बारकावा आहे. रात्री दिवा पेटता ठेवू नये, उंदीर जळती वात ओढून नेईल. आगट्या आणि चिलमी जपाव्यात. गवताच्या गंजीला एकदा आग लागली की सारेच गेले. उंदराने ओढलेल्या वातीची चिंता करणारा राजा मला मैदानावरच्या राजापेक्षा अधिक जवळचा वाटतो.

दाक्षिण्य म्हटले की आपण कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट सांगतो. लहानपणी मीही ती शाळेच्या समारंभात सांगून टाळ्या घेतल्या आहेत. या गोष्टीला समकालीन कागदाचा आधार नाही, हे अभ्यासकांनी पूर्वीच सांगितले आहे. बरे, वसईच्या संदर्भात अशीच कथा चिमाजी आप्पाच्या नावावरही सांगतात. एकच कथा दोघांच्या अंगावर चढविली की ती कोणाच्याच मापाची नसावी असा संशय येतो. परंतु कथा गेली म्हणून गुण गेला असे नाही. महाराजांवर यत्किंचितही प्रेम नसलेल्या खाफीखानाने, मशिदींना, कुराणाला आणि स्त्रियांना उपद्रव देऊ नये असा त्यांचा दंडक होता, हे नोंदवून ठेवले आहे. आणि 28 जानेवारी 1646 चे रांझे गावच्या पाटलाविषयीचे पत्र आहे. बदअमल केला म्हणून त्या पाटलाचे हातपाय तोडले, आणि पाटीलकी त्याच्याच गोतातल्या, त्याला सांभाळायला पुढे आलेल्या माणसाला रक्कम भरून घेऊन दिली. शिक्षा आजच्या वाचकाच्या अंगावर काटा आणील अशीच आहे. तिला सौजन्य म्हणता येत नाही. पण गावच्या पाटलाने गावातल्या बाईच्या वाटेला जाऊ नये ही गोष्ट केवळ शिष्टाचाराची नाही, राज्याच्या अमलाची आहे, हे मावळात तेव्हापासून सर्वांना ठाऊक झाले असले पाहिजे.

लोहगडाचा या साऱ्याशी संबंध एका अडचणीच्या बाजूने येतो. 1664 च्या जानेवारीत सुरत लुटली आणि ती संपत्ती लोहगडावर आणून ठेवली, असे सांगतात. गडावरच्या 'लक्ष्मी कोठी'पाशी उभे राहिले की मनात सुरत येतेच. त्या लुटीत कापुचिन पंथाच्या पाद्री आंब्रोज यांच्या घराला धक्का लावला नाही, डचांच्या एका मृत दलालाचे घर तो मोठा दानशूर होता म्हणून सोडले, असे बर्निये हा फ्रेंच प्रवासी लिहितो. हे खरे मानले तरी बाकीची सुरत जळाली, हेही खरे. लुटीला सौजन्याचा साज चढवू नये. त्यातही हात आखडता घेण्याजोगी काही दारे होती, एवढेच म्हणावे. पुढच्याच वर्षी पुरंदरच्या तहात लोहगड मोगलांना द्यावा लागला, आणि 1670 मध्ये तो परत आला.

जुन्या मराठीत एक सुंदर शब्द आहे, 'धर्मवाट'. वेढ्यात सापडलेल्या शत्रूला जीव आणि अब्रू घेऊन बाहेर पडू देणे म्हणजे धर्मवाट देणे. 1739 च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला तेव्हा चिमाजी आप्पाने पोर्तुगिजांना अशी वाट दिली. मराठ्यांची हजारो माणसे त्या तटाखाली पडली होती. सूड घ्यायला कारण हवे असते तर ते ढिगाने होते. तरीही शिबंदी हत्यारांनिशी, वाजतगाजत बाहेर पडली, जाणाऱ्यांना आपली चीजवस्त नेता आली, आणि मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. मला वाटते, दाक्षिण्याला मराठीत नाव द्यायचे तर हेच द्यावे. त्यात उपकाराचा आव नाही. मुठीत आलेल्या माणसासाठी मूठ उघडायची, एवढेच.

लोहगडावरून अशी एक धर्मवाट उतरली आहे. तिची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

नाना फडणीस 13 मार्च 1800 रोजी पुण्यास वारले. नऊ लग्ने करूनही घरात मूल नव्हते. मागे राहिली ती जिऊबाई, वयाने अगदी लहान. दुसऱ्या बाजीरावाची नजर नानांच्या मालमत्तेवर होती, आणि त्या काळच्या पुण्यात धन्याची विधवा म्हणजे धन्याच्या पेटीची किल्ली. लोहगडावर नानांचा विश्वासू किल्लेदार धोंडोपंत, म्हणजे धोंडो बल्लाळ नितसुरे, होता. गड नानांच्या जिव्हाळ्याचा. चार दरवाजांच्या त्या नागमोडी वाटेचे बरेचसे काम नानांनीच करविले, आणि वर सोळा कोनांचे मोठे टाकेही बांधविले. त्या टाक्यावर शके 1711 चा, म्हणजे 1789 च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्यात नानांचे नाव आहे आणि ज्याच्या हस्ते काम झाले त्या धोंडो बल्लाळाचेही. जिऊबाई या गडाच्या आश्रयाला आली.

खाली देशात काय चालले होते ते वाचकांना ठाऊक आहे. 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरच्या माळावर होळकरांनी शिंदे-पेशव्यांचा मोड केला, बाजीराव पळाला, आणि वर्ष संपता संपता वसईस त्याने इंग्रजांशी तह करून आपले राज्य आणि आपले, दोहोंचेही दैव बांधून दिले. 1803 च्या मेमध्ये जनरल वेलस्लीच्या फौजेच्या आधाराने तो पुन्हा गादीवर बसला. धोंडोपंत मात्र गड खाली करीना. पेशव्याच्या हुकुमाला तो दाद देईना. अखेर वेलस्ली मध्ये पडला. धाकदपटशा झाला, बोलणी झाली, आणि ठरले ते असे की धोंडोपंताने गड सोडून ठाण्यास जावे, आणि नानांच्या विधवेने पनवेलीस इंग्रजांच्या आश्रयाखाली राहावे. तिला सालिना 12,000 रुपये मिळावे.

आता, धोंडोपंताला दाक्षिण्याचा पुतळा करावा काय? मी स्वतः त्या टाक्याच्या काठी बसून याचा विचार केला आहे, आणि माझे मत दोन्हीकडे झुकते. बाई गडावर होती तोवर त्याच्या बंडाला निष्ठेचा चेहरा होता. बाईविना तो केवळ एक हट्टी किल्लेदार ठरला असता. तिला सांभाळताना तो स्वतःलाही सांभाळत होता यात शंका नाही. पण असे पाहा, गडावर धन होते, पेशवा हातघाईवर आला होता, आणि त्या काळात माणसे यापेक्षा पुष्कळच स्वस्तात विकली जात होती. बाईला बाजीरावाच्या हवाली करून स्वतःची जहागीर पक्की करून घेणे हा सोपा सौदा त्याच्या समोर होता. तो त्याने केला नाही. गड उतरतानाच्या करारात त्याने बाईची वाट आणि तिची पोटगी घालून घेतली. हेतू निर्भेळ असल्याखेरीज चांगुलपणा मानायचाच नाही असे ठरविले, तर इतिहासात मानण्यासारखे काही उरणार नाही. घरातही फार उरणार नाही.

दुसऱ्या बाजूला वेलस्ली. पुढे हाच नेपोलियनला हरविणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याने पनवेलीस जिऊबाईची भेट घेतली आणि मग एका पत्रात लिहिले की बाई गोरी आणि फार देखणी आहे, तिच्यासाठी तह करावा अशीच आहे. त्याने थट्टेने लिहिले असेल. इंग्रजी दिवाणखान्यात असले वाक्य स्त्रीचा गौरव म्हणून खपत असे. मला ते वाचताना दर वेळी खटकते. त्याने तिला संरक्षण दिले, पोटगीची हमी दिली. वागणुकीत उणे काढायला जागा नाही. तरी त्या वाक्यात बाई एक जिंकलेली वस्तू होऊन बसते. नितसुऱ्याच्या करारात असला शब्द नाही. तेथे ती धन्याची बायको आहे, एवढेच. जिऊबाई पुढे मेणवलीच्या वाड्यात राहिली. कृष्णाकाठचा तो घाट आणि वाडा पाहायला लोक आजही जातात. या सगळ्या घडामोडीत तिचे स्वतःचे म्हणून एकही वाक्य माझ्या वाचनात आलेले नाही. तिच्याविषयी सगळे अदबीने बोलले. तिच्याशी कोण किती बोलले?

अदबीची वाण मात्र त्या काळाला कधीच नव्हती. जुन्या पत्रांचे मायने पाहावे. बरोबरीच्या सरदाराला 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री', वडील बाईला 'गंगाजळनिर्मळ', सवाष्णीला 'वज्रचुडेमंडित', धाकट्याला 'चिरंजीव', आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे'. ज्याचे उद्या घर लुटायचे त्यालाही आज 'कृतानेक नमस्कार' लिहून पाठवीत. मला हे मायने आवडतात. तापट माणसाला ते दोन ओळींपुरते तरी थांबवून धरीत असतील. पण ते पायरीपायरीचे होते, आणि सगळ्यांत खालच्या पायरीखाली मायनाच नव्हता. ज्या पुण्यात पागोट्याच्या पेचापासून पानाच्या विड्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला रिवाज होता, त्याच पुण्यात काही माणसांच्या सावलीचाही विटाळ होई. तेव्हा आपल्या पूर्वजांची सभ्यता मोजायची तर ती दरबारात मोजून भागत नाही. ती पाणवठ्यावर मोजावी लागते.

पाण्याच्या बाबतीत मावळाची पुण्याई जुनी आहे. भाज्याच्या लेण्यांत पाण्याच्या एका टाक्यावर कौशिकीपुत्र विष्णुदत्त या महारठीच्या दानाचा लेख आहे. पवन मावळात बेडशाला एका टाक्यावर सामडिनिका नावाच्या महारठिणीचे नाव आहे. ती महाभोजाची मुलगी. दोन हजार वर्षांच्या आसपास झाली. ज्यांची तोंडे आपण कधी पाहणार नाही अशा वाटसरूंसाठी एका बाईने खडक खोदविला, आणि तिचे नाव अजून वाचता येते. नानांचे टाके हा त्याच परंपरेतला धाकटा भाऊ. मध्यंतरी त्या परंपरेला काय झाले ते आपण जाणतो. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना मोकळा केला, आणि 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन जावे लागले, तेही एका ओंजळीसाठी. फुल्यांच्या हौदावर कोणी 'दाक्षिण्य' अशी पाटी लावली नाही. मला तो लोहगडाच्या कोठल्याही दरवाजापेक्षा मोठा दरवाजा वाटतो.

दरवाजावरून आठवले. गडाचा पहिला दरवाजा गणेश दरवाजा. त्याच्या बुरुजांखाली वाडीतल्या सावळे कुटुंबाचा नरबळी दिला आणि त्याच्या बदल्यात घराण्याला लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली, अशी हकिकत गडाच्या प्रत्येक माहितीत येते. पाटीलकी मिळाली हे सगळे सांगतात. गेले त्यांची नावे कोणी सांगत नाही. 2025 मध्ये लोहगडाचे नाव मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि आता त्याच दरवाजातून पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी इतकी माणसे चढतात की चढणारे आणि उतरणारे एकमेकांना वाट देईनात आणि तासन्‌तास पायऱ्यांवर अडकून पडतात. धक्का देणाऱ्यांत भगवे झेंडे घेतलेले असतात, आणि ढकलल्या जाणाऱ्यांत लेकुरवाळ्या बायाही असतात. चिपळूणच्या छावणीला लिहिलेले ते पत्र कोणी मोठ्या अक्षरात छापून पहिल्या दरवाजाशी लावील तर बरे.

संध्याकाळी उतरताना वाडीत पाणी मागावे म्हणून एका अंगणाशी थांबलो, तर तीच भारेवाली. भारा आता ओट्याच्या कडेला होता. तिने तांब्या राखेने घासला, दोनदा खळाळला, आणि पाण्याबरोबर गुळाचा खडा पुढे केला. मी विचारले, "मावशी, वरच्या दरवाजाखाली कोणाला पुरलंय म्हणतात, त्यांची नावं ठाऊक आहेत का कोणाला?"

ती म्हणाली, "न्हाई बा. आमची सासू बी सांगायची, पर नाव तिलाबी ठावं नव्हतं." मग थोडे थांबून म्हणाली, "तिथनं जाताना मी आपली पदर सावरून, वाईच कडंनं जाते. कुणीतरी हाय न्हवं तिथं."